जुनी स्नोमोबाइल: 40 च्या पुढे पायाखाली थरथर, बेल्ट टिकत नाही, चेनकेसच्या तेलात लोखंड. आधी काय उघडू?

पाना_13

गाडी 1990 च्या दशकातली. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, लिक्विड कूल्ड, 121 इंची ट्रॅक. ट्रॅक फिरवणारे ड्रायव्हर 8 दाती, चेनकेसमध्ये (चेन जिच्या आत तेलात फिरते ती पेटी) वर 22 आणि खाली 40 दातांचं स्प्रॉकेट. क्लच डावीकडे, चेनकेस उजवीकडे, ब्रेकची डिस्क जॅकशाफ्टवर (क्लचकडून चेनकेसच्या वरच्या स्प्रॉकेटकडे जाणारा शाफ्ट). मीटरवर 9,400 किमी.

ताशी 40 पर्यंत काही तक्रार नाही. पुढे पायाखाली थरथर सुरू होते, डाव्या पायाला जास्त, आणि वेगाबरोबर वाढत जाते. हँडलला फारशी पोचत नाही. स्पीडोमीटरचा काटा 50 च्या आसपास पाच-सहा आकडे मागेपुढे नाचतो.

300 किमीत दोन बेल्ट गेले. पहिल्याचे एकाच कडेचे दोरे सुटले, दुसरा लांबीत उभा चिरला. कव्हरखाली काळी पूड.

चेनकेसचं तेल काढलं तर मॅग्नेटवर राखाडी चिखल, आणि त्यात नखाच्या टोकाएवढ्या तीन-चार चकचकीत कपच्या.

ट्रॅकचा ताण पुस्तिकेप्रमाणे आहे. संशयावरून दोन बोगी चाकं (ट्रॅकच्या आतली छोटी चाकं) बदलली, काडीचाही फरक पडला नाही. हे एक दुखणं आहे की तीन? इंजिन उतरवू की खालचा शाफ्ट? क्रम सांगा, सगळं एकदम खोलायची तयारी नाही.

गिअर_गणित

पाना खाली ठेवा. थरथर कोणाच्या तालावर नाचतेय हे आधी ठरवायचं, मग बोल्टला हात लावायचा. चाकं बदलून झाली म्हणताय, तो अंदाजाचा खेळ झाला.

बेल्टवर चालणाऱ्या गाडीत एक सोय फुकट मिळते: इंजिनचे आरपीएम आणि गाडीचा वेग एकमेकांना बांधलेले नसतात. सपाटीवर हलक्या थ्रॉटलने 55 गाठा आणि आरपीएम बघून ठेवा. मग चढावर किंवा खोल बर्फात दाबून थ्रॉटल देऊन तोच 55 गाठा. आता आरपीएम दीड-दोन हजारांनी जास्त असतील. थरथर दोन्ही वेळा सारखीच असेल तर इंजिन आणि प्रायमरी क्लच (इंजिनवरचा) निर्दोष, दोष सेकंडरीपासून (जॅकशाफ्टवरचा क्लच) ट्रॅकपर्यंत कुठेतरी. आरपीएमबरोबर बदलली तर उलट. शेवटी 60 वरून थ्रॉटल पूर्ण सोडा. आरपीएम पटकन खाली येतात पण गाडी काही क्षण वेगातच असते. तेव्हाही पाय थरथरत असतील तर इंजिनकडे वळायचं कारण नाही. वेग मात्र फोनच्या जीपीएसवर बघा. तुमच्या मीटरचा काटाच नाचतोय, तो साक्षीला चालणार नाही (आणि तो नाचतोय हाच एक पुरावा आहे, त्यावर पुढे येतो).

आता गणित. जुन्या ट्रॅकचा पिच, म्हणजे ड्रायव्हरच्या एका दातामागे सरकणारं अंतर, 2.52 इंच, म्हणजे 64 मिमी. 121 इंची ट्रॅकमध्ये असे 48 पिच. 8 दाती ड्रायव्हर एका फेरीत 8 × 64 = 512 मिमी ट्रॅक पुढे ढकलतो. ताशी 50 किमी म्हणजे सेकंदाला 13.9 मीटर. यातून बाकी सगळं निघतं:

पूर्ण ट्रॅक (3.07 मी) सेकंदाला 4.5 फेऱ्या करतो. खालचा ड्राइव्हशाफ्ट 27. जॅकशाफ्ट त्याच्या 40/22 पट, म्हणजे 49. मागचं मोठं चाक 178 मिमीचं असेल तर 25, आणि 135 मिमीची बोगी चाकं 33. इंजिन 6,000 आरपीएमला सेकंदाला 100.

हे आकडे अंगाला वेगवेगळे कळतात. 4.5 चा ठोका मोजता येतो: धप, धप, धप. ट्रॅकमधला एखादा आडवा फायबरचा रॉड मोडलाय, क्लिपा उडाल्यात किंवा एका जागी बर्फाचा गोळा धरलाय, तर असा ठोका पडतो. 25 ते 35 मध्ये तळव्याला घरघर लागते. 100 आणि वर गेलं की हात बधिर होतात, ठोके वेगळे कळतच नाहीत. तुमचं वर्णन मधल्या गटातलं आहे.

खात्री करायची असेल तर थरथर मोजणारं एखादं अ‍ॅप चालू करून फोन डाव्या फूटरेस्टवर टेपने घट्ट चिकटवा आणि 40 च्या स्थिर वेगाने चालवा. 50 ला नको, कारण अनेक फोनचे सेन्सर सेकंदाला शंभरच्या आसपास नोंदी घेतात, त्यामुळे 50 हर्ट्झच्या जवळचं आणि वरचं काही खरं धरता येत नाही. ताशी 40 ला ड्राइव्हशाफ्ट 21.7 वर, मागचं चाक 20 वर आणि जॅकशाफ्ट 39.5 वर दिसायला हवा. शाफ्ट आणि मागचं चाक फार जवळ आहेत, त्यांचा निवाडा हाताने करा: मागून गाडी उचलून प्रत्येक चाक आडवं हलवून बघा, आणि ट्रॅकचा भार नसताना फिरवून आवाज ऐका.

आता काटा. बऱ्याच जुन्या गाड्यांत स्पीडोमीटर ड्राइव्हशाफ्टच्या डाव्या टोकावरून चालतो. त्या टोकाचं बेअरिंग सैल झालं की शाफ्ट टोकाला भोवंडतो, केबलची चौकोनी किल्ली झटके खाते, काटा नाचतो. डावा पाय, नाचणारा काटा, वेगाबरोबर वाढणारी घरघर. माझा पैसा त्या बेअरिंगवर. पण मोजल्याशिवाय खोलू नका.

क्लचची_पूड

वरच्याशी सहमत, फक्त बेल्टचं प्रकरण त्यात ओढू नका. 300 किमीत दोन बेल्ट हे ड्राइव्हशाफ्टच्या बेअरिंगचं काम नाही. त्याचा बंदोबस्त वेगळा.

मेलेला बेल्ट फेकू नका, तो सगळं सांगतो. एकाच कडेचे दोरे सुटणं किंवा लांबीत चिरणं म्हणजे दोन्ही क्लच एका रेषेत नाहीत. एका ठिकाणी बाजू खोल खाल्लेली, डमरूसारखी, असेल तर ट्रॅक गोठलेला असताना कोणीतरी रेस दिलेली असते: प्रायमरी फिरत राहिला आणि बेल्ट जागच्या जागी भाजला. असा बेल्ट निघताना साधारण दर 40 सेंटीमीटरला एक गचका देतो, आणि लोक त्याला ट्रॅकचा दोष समजतात. दोन्ही बाजू काचेसारख्या चकाकत असतील तर बेल्ट घसरतोय: क्लचवर तेल, थकलेली स्प्रिंग किंवा चुकीचा बेल्ट. खालचे दात तळाशी तडकले असतील तर वय झालं.

तुमच्या बाबतीत रेषेचा दोष दिसतो, आणि तो गाडी उभी असताना मापल्यावर कदाचित सापडणारही नाही. कारण असं: जोर लावला की बेल्ट इंजिनची क्लचकडची बाजू मागे, सेकंडरीकडे ओढतो. इंजिनखालचे रबर माउंट फाटले असतील तर इंजिन तिरकं होतं. उभ्या गाडीत क्लचची रेषा मापणारा बार लावून पाहिलं तर सगळं सरळ, थ्रॉटल दिला की वाकडं.

म्हणून मापाआधी माउंट तपासा. पहार किंवा जाड टॉमी इंजिनच्या पायाखाली घालून चारही कोपरे एकेक करून उचला. दोन-तीन मिमी रबर दबणं ठीक. एखादा कोपरा सुटल्यासारखा वर आला तर रबर धातूपासून निघालंय. काही माउंट बाहेरून शाबूत दिसतात आणि मधोमध चिरलेले असतात, त्यामुळे नुसतं टॉर्चने बघून पुढे जाऊ नका. टॉर्क अडवणारा रबरी स्टॉपर असेल तर त्याची फटही पुस्तिकेप्रमाणे करा. माउंट बदलताना एकच बदलू नका, निदान पुढची जोडी एकदम. जुनं रबर बसलेलं असतं, नवं उंच असतं, इंजिन पुन्हा तिरकं.

माउंट झाल्यावर मॉडेलचा अलाइनमेंट बार लावा. दोन क्लचमधलं अंतर आणि आडवा फरक, दोन्ही बघायचे. बऱ्याच मॉडेलांत बारच्या पुढच्या टोकाला मिलिमीटर-दीड मिलिमीटर फट मुद्दाम ठेवायला सांगतात, ती जोर पडल्यावर भरून निघते. ती फट चूक समजून शिम (पातळ चकत्या) घालून बंद करणारे बरेच आहेत. सेकंडरी जॅकशाफ्टवर थोडा सरकायला मोकळा असतो अशी गाडी असेल तर तो खरंच सरकतो का हेही हाताने बघा. स्प्लाइनवर (शाफ्टवरच्या उभ्या खाचांवर) गंज धरून तो एकाच जागी चिकटलेला असतो, आणि मग माप बरोबर असून बेल्टची कड झिजते. शेवटी बेल्टचा झोल: दोन क्लचवर पट्टी आडवी ठेवून बेल्ट मधोमध दाबला की अनेक जुन्या गाड्यांत साधारण 30 मिमी खाली जायला हवा. कमी असेल तर आयडलवरच गाडी सरकू पाहते, जास्त असेल तर उचलताना दम टाकते.

प्रायमरीची परीक्षा स्वस्तात होते. बेल्ट काढा, इंजिन फक्त आयडलवर चालू करा आणि क्लच बाजूने नव्हे, पुढून पाहा. रेस देऊ नका. भार नसताना आरपीएम क्षणात वर जातात, प्रायमरीच्या दोन्ही थाळ्या मध्ये बेल्ट नसल्याने एकमेकींवर आदळतात, आणि त्या क्लचचे तुकडे व्हायला वेळ लागत नाही. आयडलवर थाळीची कड डोळ्याला डुलताना दिसली तर क्रँकचं टोक वाकलंय किंवा क्लच टेपरवर (क्रँकच्या निमुळत्या टोकावर) नीट बसलेला नाही. डायल गेज असेल तर क्लच काढून टेपरजवळ क्रँक हाताने फिरवा. 0.05 मिमीच्या आत असेल तर निर्धास्त राहा.

क्लच काढलाच तर टेपरवर तांबूस पूड आहे का ते बघा. असली तर तो आत हलत होता. दोन्ही पृष्ठभाग सॉल्व्हंटने पुसून कोरडे बसवायचे, ग्रीस नाही, तेल नाही. टोपण, स्पायडर आणि सरकती थाळी यांवर जुळवायच्या खुणा असतात. त्या चुकवून जोडलं तर चांगल्या क्लचला तुम्हीच असमतोल कराल.

अजून एक, हे कोणी बघत नाही. दोन बेल्ट फुटलेत, तर त्यांचे दोरे गेले कुठे? प्रायमरीच्या मागे क्रँकच्या टोकाला गुंडाळलेले सापडतात. ते ऑइल सीलमध्ये शिरून तिची कड कापतात. टू-स्ट्रोकमध्ये तिथून हवा आत ओढली गेली की त्या बाजूच्या सिलिंडरचं मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन चिकटतो. बेल्ट फुटला की चिमट्याने दोन्ही क्लचमागचा एकेक दोरा उपसून काढायचा, मगच नवा बेल्ट. नवा बेल्ट चढवण्याआधी थाळ्या बारीक घासणीने आडव्या-तिडव्या घासून, पुसून घ्या, आणि पहिले 40-50 किमी पूर्ण थ्रॉटल नको.

तेलपाणी

चेनकेसकडे दुर्लक्ष होतंय, आणि या तिघांत सगळ्यात घातक तेच आहे. ब्रेकची डिस्क जॅकशाफ्टवर आहे म्हणालात ना? मग ब्रेक आणि ट्रॅक यांच्यामध्ये फक्त ती चेन आहे. चेन तुटली तर ब्रेक दाबून जॅकशाफ्ट थांबेल, ट्रॅक नाही. कपच्या कुठून आल्या ते कळेपर्यंत गाडी चालवू नका. वरच्या चाचण्यासुद्धा तेलाचा निकाल लागल्यावरच करा.

राखाडी मऊ चिखल म्हणजे रोजची झीज, त्याची काळजी नको. कपच्या कापडावर घेऊन भिंगाखाली धरा. सपाट, पातळ, एका कडेला अर्धगोल कापल्यासारखी असेल तर चेनच्या पट्टीचा तुकडा: पिनेच्या भोकापाशी मोडलेला. एक बाजू आरशासारखी गुळगुळीत आणि किंचित वळणदार, दुसरी खडबडीत, तर बेअरिंगच्या रिंगचं साल. पिवळा आणि मॅग्नेटला न चिकटणारा कण पिंजऱ्याचा किंवा बुशचा. पांढुरका, मऊ, तोही मॅग्नेटला न लागणारा कण अ‍ॅल्युमिनियमचा: सैल चेन केसच्या भिंतीला घासतेय. मॅग्नेटवर फक्त पोलाद येतं, म्हणून काढलेलं तेल चहाच्या गाळण्यातून गाळूनही बघा. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय आणि बेअरिंगं गंजायला लागली असतील.

चेन बघण्यासाठी ब्रेक पक्का बांधा म्हणजे जॅकशाफ्ट अडेल. आता मागून उचललेल्या गाडीचा ट्रॅक हाताने मागेपुढे ढकला. उजवीकडून टक् आला तर चेन किंवा स्प्रॉकेटची स्प्लाइन, बोगद्यातून (ट्रॅकवरच्या पत्र्याच्या कवचातून) आला तर ड्रायव्हर शाफ्टवर फिरतोय. जुन्या षटकोनी शाफ्टवर दाबून बसवलेले प्लास्टिकचे ड्रायव्हर असे सुटतात. दोन ड्रायव्हरांवर आणि शाफ्टवर एका रेषेत रंगाची खूण मारा, थोडं चालवून पुन्हा बघा. खुणा सरकल्या तर निकाल लागला.

चेनचा ताण बऱ्याच गाड्यांत असा बसवतात: ब्रेक धरून टेन्शनरचा बोल्ट बोटाने घट्ट होईल तितका फिरवायचा, मग पाव फेरी सैल करून लॉकनट कसायचा. पाना वापरून घट्ट केलं तर जॅकशाफ्टचं बेअरिंग अकाली जातं. बोल्ट संपेपर्यंत आत गेला तरी चेन झुलत असेल तर चेन ताणली गेलीय, बदला. स्प्रॉकेटचे दात एका बाजूला आकड्यासारखे झुकले असतील तर तेही, नाहीतर नवी चेन पहिल्याच मोसमात वाया. परत भरायला तेल साधारण 250 ते 350 मिली लागतं, नेमका आकडा पुस्तिकेतला घ्या.

पाना_13

आधी तेल, मग बाकी, या क्रमाने केलं. निकाल:

कपच्या चारही वळणदार, एक बाजू गुळगुळीत. गाळण्यात पिवळं काही नाही, अ‍ॅल्युमिनियमचे चार-दोन कण. झाकण उघडून चेनची कडी अन् कडी बघितली, पट्ट्या शाबूत. टेन्शनर जवळजवळ संपलाय. खालच्या स्प्रॉकेटचे दात आतल्या बाजूला तिरके घासलेत, बाहेरच्या बाजूला नाहीत. नवं तेल घालून जेमतेम चाचणीपुरती चालवली, ब्रेकवर भरवसा न ठेवता.

55 ला हलका थ्रॉटल 4,800 आरपीएम, चढावर 6,700. थरथर दोन्हीकडे सारखी. थ्रॉटल सोडल्यावरही तीच. 40 ला फोनवर सगळ्यात उंच टोक 21 ते 22 हर्ट्झच्या मध्ये, 39 हर्ट्झला काही नाही. मागची चाकं घट्ट आणि गप्प.

बेल्टशिवाय आयडलवर प्रायमरी सरळ फिरतो. पण पुढचा डावा माउंट पहारीने 8 मिमी वर येतो, बाकीचे 2. प्रायमरीमागून बोटभर दोरे निघाले. सील वरून कोरडी दिसते.

ड्राइव्हशाफ्टच्या डाव्या टोकाखाली टॉमी घालून उचललं तर शाफ्ट दीडेक मिमी वरखाली होतो. बेअरिंगभोवती तांबडी पूड. लॉक कॉलरचा (बेअरिंग शाफ्टवर आवळून धरणारी कडी) छोटा स्क्रू जागेवर नाहीच.

गिअर_गणित

मग दुखणी दोन. माउंट बेल्ट खातंय, आणि डाव्या बेअरिंगने बाकीचं सगळं केलंय. डावं टोक खाली बसल्यावर शाफ्ट तिरका झाला, उजवीकडे खालचं स्प्रॉकेट चेनच्या रेषेतून झुकलं, म्हणून दात फक्त आतून घासले आणि उजवं बेअरिंग तिरक्या भाराने सोलवटलं. कपच्या त्याच्या आहेत. म्हणजे दोन्ही टोकांची बेअरिंगं, चेन, खालचं स्प्रॉकेट आणि सील एकदमच बदला. वरचं स्प्रॉकेट बघून ठरवा.

उशीर केला असता तर डावं बेअरिंग फुटून शाफ्ट जागचा सुटला असता, आणि फिरत्या ट्रॅकने बोगद्यातला कूलर कापला असता. अँटीफ्रीझचा माग बर्फावर सोडत इंजिन तापतं, ते याच कारणाने.

खोलायचा क्रम. तेल काढा, टेन्शनर सोडा, दोन्ही स्प्रॉकेट चेनसकट एकत्र ओढून काढा. शिम कुठून निघाले ते लिहून ठेवा, नुसतं लक्षात ठेवून भागत नाही. ट्रॅकचा ताण पूर्ण सैल करून सस्पेन्शनचे चार बोल्ट काढा. एक बोल्ट सोडताना दुसरीकडचा बोल्ट नळीसकट फिरायला लागतो, म्हणून समोरच्याला पाना लावून धरा. गाडी कुशीवर पाडून सस्पेन्शन बाहेर घ्या. पाडताना पेट्रोल आणि बॅटरीची काळजी घ्या. मग डावीकडचं स्पीडोमीटरचं घर काढा, कॉलर शाफ्टच्या फिरण्याच्या उलट दिशेला पंचने ठोकून सोडवा आणि शाफ्ट खाली उतरवा.

खरी परीक्षा इथे आहे. स्क्रू पडलाय, तांबडी पूड आहे, म्हणजे बेअरिंगची आतली रिंग शाफ्टवर फिरत होती. आधी जुन्या बेअरिंगवरचा नंबर वाचा. 6205 असेल तर आतलं भोक 25 मिमी, बाहेरचा व्यास 52, रुंदी 15. 6206 असेल तर 30, 62, 16. कॉलरवालं बेअरिंग साधं नसतं, त्याची आतली रिंग एका बाजूला लांब असते, तेव्हा नुसत्या नंबरावर साधं आणू नका. मग शाफ्ट मायक्रोमीटरने चार ठिकाणी मापा: बेअरिंग बसतं तिथे दोन, शेजारच्या न झिजलेल्या भागावर दोन. आकडे टाका, मग बोलू.

क्लचची_पूड

तोपर्यंत माउंटची जोडी मागवा आणि त्या मोकळ्या वेळात डाव्या सिलिंडरची प्रेशर टेस्ट करा. सील वरून कोरडी दिसणं पुरेसं नाही. एक्झॉस्ट आणि कार्ब्युरेटरची तोंडं बंद करून सायकलच्या पंपाने 0.4 बारच्या आसपास हवा भरा आणि सीलच्या कडेला साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर सील बदलायची हीच वेळ, क्लच नाहीतरी अलाइनमेंटसाठी उघडाच असेल. पंप मारताना हात आवरा: जास्त दाब दिलात तर चांगली सीलही उलटेल.

पाना_13

बेअरिंग 25 मिमीचं, कॉलरवालं. शाफ्ट शेजारी 24.98, बेअरिंगच्या जागी 24.61 आणि 24.58. प्रेशर टेस्टला बुडबुडे नाहीत. बेअरिंग चिकटवायचं कंपाउंड लावून चालेल का? की पंचने टिकल्या पाडून बसवू?

तेलपाणी

दोन्ही नको. टिकल्यांची उंच टोकं काही किलोमीटरांत बसतात आणि रिंग पुन्हा फिरायला लागते. कंपाउंडचा उपयोग काही शतांश मिलिमीटरच्या सैलपणाला होतो. तुमच्याकडे 0.4 मिमी आहे, आणि त्यातही रिंग मध्यावर बसेल याची खात्री नाही. शाफ्ट मध्यावर नसला की 27 च्या तालावरची घरघर परत येते, नव्या बेअरिंगसकट. दुसरा चांगला शाफ्ट शोधा, किंवा लेथवाल्याकडून ती जागा वेल्डने भरून, सरळ करून 24.98 ला कातून घ्या. भरल्यावर शाफ्ट वाकतो, म्हणून कातायच्या आधी दोन टोकांवर धरून तो मधे किती डुलतो ते मोजायला सांगा.

गिअर_गणित

दुसरा शाफ्ट घेतलात तर जुन्यावरून ड्रायव्हर उतरवण्यापूर्वी प्रत्येकाचं शाफ्टच्या एका टोकापासूनचं अंतर मापून लिहा. नव्यावर दोन-तीन मिमी इकडेतिकडे झालं तरी ट्रॅकच्या क्लिपा एका बाजूने घासायला लागतात. दाबताना सगळ्या ड्रायव्हरांचे दात एकाच रेषेत हवेत. एखादा षटकोनाची एक कड चुकून बसला तर ट्रॅकला प्रत्येक पिचला दोन धक्के बसतील आणि तुम्ही परत इथे येऊन विचाराल.

परत जोडताना क्रम बदलू नका. आधी चेनकेसकडची बाजू पूर्ण कसा, स्प्रॉकेटचा बोल्ट टॉर्क पान्याने. मग डाव्या बेअरिंगची पत्र्याची कॅप कसा. शाफ्ट हाताने पाच-दहा फेऱ्या फिरवून त्याला त्याची जागा घेऊ द्या. कॉलर सगळ्यात शेवटी: या वेळी फिरण्याच्याच दिशेने पंचने पक्की करा आणि छोट्या स्क्रूला निळं थ्रेडलॉक लावा. कॉलर आधी आवळली तर चेनकेसकडून शाफ्ट ओढला जातो आणि दोन्ही बेअरिंगांवर आडवा ताण राहतो.

स्टँडवर उचलून ट्रॅक मध्यात आणताना मागे कोणी उभं राहू नये, ट्रॅकमध्ये अडकलेला दगड किंवा बर्फाचा खडा गोळीसारखा सुटतो. रेल्सखालच्या प्लास्टिक पट्ट्यांवर पाणी मारत राहा, बर्फाशिवाय त्या मिनिटाभरात वितळायला लागतात. 100 किमीनंतर कॉलरचा स्क्रू, चेनचा ताण आणि माउंटचे नट पुन्हा बघा, आणि चेनकेसचं तेल तेव्हाच बदलून टाका. केसमध्ये जुन्या कपच्या अजून कुठेतरी दडून असतील, पहिल्या तेलाबरोबर त्या निघतील. नव्या चेनच्या वाट्याला त्या ठेवू नका.